एका टोकाने धरलेला डीएनए

क्षयरोगाच्या निदानासाठी आपल्याकडच्या अनेक सरकारी प्रयोगशाळांत ‘लाइन प्रोब असे’ नावाची चाचणी करतात. तिचा निकाल एका अरुंद पांढऱ्या पट्टीवर येतो. रुग्णाच्या थुंकीतून जंतूंचा डीएनए काढायचा, पीसीआरने त्याच्या भरपूर प्रती करायच्या, अल्कलीने त्याच्या दोन साखळ्या सोडवायच्या, आणि ट्रेच्या खाचेत पट्टी ठेवून तिच्यावर तो 45 अंश सेल्सिअसला अर्धा तास हलवत ठेवायचा. मग धुवायचं, रंग आणणारं विकर घालायचं, पुन्हा धुवायचं. पट्टीवर हळूहळू जांभळट रेघा उमटू लागतात.

जर्मनीच्या हाइन कंपनीने काढलेल्या, बरीच वर्षं वापरात असलेल्या पट्टीवर अशा 27 जागा असतात. सहा जागा चाचणी नीट झाली की नाही हे सांगण्यासाठी, बारा रिफॅम्पिसिन या औषधासाठी आणि नऊ आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधासाठी. वाचणारा तंत्रज्ञ पट्टी तक्त्याला लावतो आणि रेघा मोजतो. फिकट रेघ धरायची की सोडायची, याचाही नियम आहे: नियंत्रणाच्या ठरलेल्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच धरायची. समजा, आरपीओबी जनुकाच्या मूळ रूपाच्या आठ रेघांपैकी शेवटची उमटलीच नाही आणि बदललेल्या रूपाच्या चारांपैकी शेवटची मात्र ठळक आली. याचा अर्थ 531 व्या कोडॉनमध्ये टीसीजीच्या जागी टीटीजी झालं आहे, प्रथिनात सेरिनच्या जागी ल्युसिन आलं आहे, आणि या रुग्णाला रिफॅम्पिसिन लागू पडणार नाही. उपचाराची सगळी दिशा इथे बदलते.

हा फरक एका अक्षराचा. तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, कारण पट्टी बनवताना प्रत्येक जागी डीएनएचा एक छोटा तुकडा, म्हणजे प्रोब, योग्य तेवढा आणि योग्य रीतीने चिकटवून ठेवलेला होता. हे पुस्तक त्या चिकटवण्याबद्दल आहे.

पाठ्यपुस्तकांत या कामाच्या वाट्याला सहसा एकच ओळ येते: ‘प्रोब मेंब्रेनवर स्थिर केला.’ लगेच पुढच्या ओळीत निकाल. प्रयोगशाळेत मात्र दिवसचे दिवस जातात ते याच ओळीत. डीएनए असा धरला पाहिजे की दहा वेळा धुतला, तापवला, तरी जागचा हलणार नाही. आणि तरीही त्याची अक्षरं समोरून येणाऱ्या जोडीदारासाठी मोकळी राहिली पाहिजेत. फार घट्ट धरला तर जुळत नाही, सैल सोडला तर वाहून जातो. साठ वर्षांत या क्षेत्रात जे वाद झाले, जी पेटंटं निघाली, जे निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत येईनासे झाले, त्यांतले बरेचसे मला या एकाच पेचाकडे आणून सोडतात. या इतिहासाची दिशाही त्यामुळे स्पष्ट दिसते. माणसं डीएनए घट्ट धरायला लवकर शिकली. कमी धरायला, आणि त्याच्याभोवती जागा सोडायला शिकायला फार वेळ लागला.

नवख्या वाचकासाठी थोडं मुळापासून सांगतो. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना पूरक अक्षरांनी बांधलेल्या असतात. तापवलं किंवा अल्कली घातली की त्या सुटतात. मिश्रण हळूहळू थंड केलं तर त्या पुन्हा आपापली जोडीदारीण शोधून जुळतात. हे 1960 मध्ये हार्वर्डमध्ये ज्युलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनी दाखवलं, तेव्हा अनेकांना ते खरं वाटेना. एवढ्या लांब रेणूला एवढ्या गर्दीत नेमकी जोडी सापडावी कशी? पण सापडते. दोन्ही साखळ्यांवर फॉस्फेटांचा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. द्रावणात मीठ असलं की तो भार झाकला जातो आणि जुळणी सोपी होते. म्हणून या क्षेत्रातल्या प्रत्येक कृतीत मीठ आणि तापमान यांची जोडी येते. मीठ जास्त आणि तापमान कमी असेल तर थोडीफार चूक असलेली जोडीही टिकते. मीठ कमी करून ऊन पाण्याने धुतलं की फक्त तंतोतंत जुळलेलीच उरते. पट्टीवर एका अक्षराचा फरक कळतो तो या धुण्यामुळे.

मग हे सगळं नळीतच का करू नये? करता येतं, आणि सुरुवातीला तसंच करत. 1961 मध्ये बेंजामिन हॉल आणि सोल स्पीगेलमन यांनी विषाणूचा डीएनए आणि त्याच्यापासून बनलेला आरएनए द्रावणातच जुळवले, आणि त्यांची जोडी वेगळी काढण्यासाठी सीझियम क्लोराइडच्या द्रावणात ती कित्येक दिवस फिरवली. अडचणी दोन होत्या. एक तर असं सेंट्रिफ्यूज चालवून दिवसाला किती नमुने होणार? दुसरी जास्त खोल होती. द्रावणात सुटलेल्या साखळीला तिची मूळ जोडीदारीण आसपासच सापडते, आणि दोघी पुन्हा एकत्र येऊन बसतात. आपल्याला जी जुळणी पाहायची असते ती मागे पडते. एक साखळी कुठेतरी बांधून ठेवली तर ती तिच्या मूळ जोडीकडे जाऊ शकत नाही. शिवाय न जुळलेलं सगळं धुऊन टाकता येतं.

पहिले उपाय ओबडधोबड होते. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत एलिस बोल्टन आणि ब्रायन मॅकार्थी यांनी 1962 मध्ये लांब डीएनए अगारमध्ये अडकवला. हे दोघं ज्या विभागात काम करत त्याचं नाव ‘भूचुंबकत्व विभाग’ होतं. विज्ञानात कोण कुठे बसून काय करील याचा नेम नसतो. अगारच्या जाळीत लांब डीएनए अडकून राहतो, छोटे आरएनए तुकडे आत-बाहेर करतात आणि जुळले तर आत थांबतात. त्याच वर्षी एकेहार्ड बाउत्झ आणि हॉल यांनी सेल्युलोजला डीएनए बांधून स्तंभ तयार केला. 1963 मध्ये अग्नार निगार्ड आणि हॉल यांनी पाहिलं की एकेरी डीएनए, आणि त्याला जुळलेला आरएनए, नायट्रोसेल्युलोजच्या गाळणीवर अडकतो, तर सुटा आरएनए आरपार निघून जातो. दोन वर्षांनी डेव्हिड गिलेस्पी आणि स्पीगेलमन यांनी क्रम उलटा केला. आधी डीएनए गाळणीवर पक्का बसवायचा, मग गाळणी आरएनएच्या द्रावणात बुडवायची. पुढचे सगळे ब्लॉट, म्हणजे मेंब्रेनवर डीएनए किंवा आरएनए बसवून केलेल्या चाचण्या, याच उलट्या क्रमातून निघाले.

लगेच नवी अडचण आली. जी गाळणी डीएनएला धरते ती नंतर टाकलेल्या, खूण लावलेल्या प्रोबलाही धरणारच; मग सगळी गाळणी सारखीच काळी दिसते. 1966 मध्ये डेव्हिड डेनहार्ट यांनी सुचवलं की गाळणीवरच्या उरलेल्या जागा आधीच दुसऱ्या कशाने तरी भरून टाका. फायकॉल, पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन आणि गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, प्रत्येकी 0.02 टक्के. आजही हे द्रावण त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पुढे त्यात सॅमन माशाच्या शुक्रपेशींतला डीएनए घालायची प्रथा पडली, कारण तो स्वस्त मिळतो आणि माणसाच्या प्रोबशी त्याचं फारसं जुळत नाही. ब्लॉट करणाऱ्या माणसाच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य ‘बॅकग्राउंड आलंय’ हे असेल, तर त्यावरच्या निम्म्या औषधांची सुरुवात डेनहार्टपासून होते.

1975 मध्ये एडिंबरामध्ये एड सदर्न यांनी जे केलं त्याचं वर्णन ऐकलं तर ते फार साधं वाटतं. डीएनए विकरांनी कापायचा, जेलमध्ये विजेने पळवून तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे, मग जेलमधले तुकडे जसेच्या तसे, त्याच मांडणीत, नायट्रोसेल्युलोजवर उतरवायचे. उतरवायला काय लागतं? जेलखाली मिठाच्या द्रावणात बुडालेला जाड टिपकागद, जेलवर मेंब्रेन, मेंब्रेनवर कोरड्या कागदाची चवड, सगळ्यात वर वजन. कागद द्रावण वर ओढतो, द्रावणाबरोबर डीएनए जेलमधून निघतो आणि मेंब्रेनवर अडकतो. रात्रभर तसंच ठेवायचं. भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांत ही चवड वर्तमानपत्रांच्या रद्दीची असे आणि वजन म्हणून जाडजूड संदर्भग्रंथ. सकाळी मेंब्रेन काढून 80 अंशाला दोन तास निर्वात भट्टीत भाजायची. निर्वात अशासाठी, की नायट्रोसेल्युलोज हे सुरुंगाच्या कापसाचं सख्खं भावंड आहे. हवेत तापवलं तर पेट घेऊ शकतं.

सदर्न ब्लॉटने पहिल्यांदाच प्रश्नाला जागा दिली: हे जनुक जीनोमच्या कोणत्या तुकड्यावर आहे? त्या तुकड्याची लांबी माणसागणिक बदलते का? या दुसऱ्या प्रश्नातून पुढे पितृत्वाचे खटले, खुनाचे तपास आणि आनुवंशिक रोगांचं निदान आलं. 1984 मध्ये लेस्टरमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना एका ब्लॉटच्या एक्स-रे फिल्मवर प्रत्येक माणसाचा वेगळा पट्टेरी नमुना दिसला. आपल्याकडे लालजी सिंग यांनी एडिंबरामध्ये असताना पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएतून एक प्रोब शोधला होता. 1987 मध्ये ते हैदराबादच्या सीसीएमबीत आले, तिथे त्याच प्रोबवर देशी डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं राहिलं आणि न्यायालयांपर्यंत पोचलं. त्या काळातला प्रत्येक निकाल म्हणजे मेंब्रेनवर चिकटलेला डीएनए होता. तो नीट चिकटला नसता तर न्यायाधीशांपुढे ठेवायला काहीच नव्हतं.

याच सुमारास आरएनएचा ब्लॉटही आला, 1977 मध्ये, स्टॅनफर्डमधून. आरएनए नायट्रोसेल्युलोजला चिकटत नाही असं तेव्हा सगळे धरून चालत. म्हणून जेम्स ॲल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक क्रियेने आरएनए बांधणारा खास कागद वापरला. तो बनवायला कटकटीचा आणि टिकायला नाजूक. 1980 मध्ये पॅट्रिशिया थॉमस यांनी दाखवलं की आरएनएच्या गुंडाळ्या आधी उलगडल्या तर तो साध्या नायट्रोसेल्युलोजवरही छान बसतो. ज्या गोष्टीसाठी लोक कागदाचं रसायनशास्त्र करत बसले होते तिची गरजच नव्हती. अशा कथा या विषयात पुष्कळ आहेत, आणि मला वाटतं त्या विद्यार्थ्यांना यशाच्या कथांच्या आधी सांगायला हव्यात.

नायट्रोसेल्युलोज ठिसूळ. दोन-तीनदा प्रोब बदलला की कडा तुटतात, आणि छोटे तुकडे त्याच्यावर नीट टिकत नाहीत. ऐंशीच्या दशकात नायलॉन आलं, विशेषतः धन भार दिलेलं नायलॉन. ते मजबूत, कितीतरी जास्त डीएनए धरणारं, आणि 254 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने डीएनएशी कायमचं जोडता येणारं. इथेच या विषयातला पहिला मोठा धडा होता, पण तो बराच काळ कुणी नीट वाचला नाही. अतिनील प्रकाशाने थायमिन नायलॉनशी जोडला जातो. थोडा प्रकाश दिला तर डीएनए धुऊन जातो. जास्त दिला तर इतके थायमिन अडकतात की जुळायला अक्षरंच उरत नाहीत, आणि खुणा उलट फिक्या होतात. भरपूर चिकटवलं म्हणजे भरपूर दिसेल, हा हिशेब इथे चुकतो.

1989 मध्ये सेटस कंपनीतल्या रँडल सायकी आणि सहकाऱ्यांनी या अडचणीवर शोधलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. आतापर्यंत नमुना मेंब्रेनवर आणि प्रोब द्रावणात असे. त्यांनी अदलाबदल केली: माहीत असलेले अनेक छोटे प्रोब मेंब्रेनवर ठिपक्यांनी बसवले आणि रुग्णाचा, पीसीआरने वाढवलेला डीएनए वरून फिरवला. एका रुग्णाचे अनेक प्रश्न एकाच पट्टीवर. आता विसेक अक्षरांचा छोटा प्रोब नायलॉनला बांधायचा कसा? त्यांनी प्रोबच्या शेवटाला थायमिनची लांब शेपटी जोडली. अतिनील प्रकाशात अडकते ती शेपटी. कामाची अक्षरं मोकळी राहतात. धरायचं ते टोकाला आणि जुळायचं ते पुढे, ही विभागणी इतक्या स्वच्छपणे आधी कुणी केली नव्हती. ‘रिव्हर्स डॉट ब्लॉट’ या नावाने हे तंत्र जगभर गेलं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या रक्तविज्ञान संस्थेत बीटा थॅलॅसेमियाच्या गर्भनिदानासाठी ते वापरलं गेलं. भारतात या रोगाची मोजकीच उत्परिवर्तनं बहुसंख्य रुग्णांत सापडतात, त्यामुळे मोजक्या ठिपक्यांच्या पट्टीवर बरंच काम भागतं. सुरुवातीला वर्णन केलेली क्षयरोगाची पट्टी याच घराण्यातली.

यानंतर वाटा फुटल्या. कुणी काचेवर अमिनोसिलेनचा थर देऊन त्याला डीएनए बांधू लागलं, कुणी इपॉक्सी किंवा अल्डिहाइड. कुणी प्रोबच्या टोकाला बायोटिन लावून तो स्ट्रेप्टॅव्हिडिनवर बसवला. ही निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे, आणि ती पाण्यात, साध्या तापमानाला, फारशी रसायनं न वापरता होते. कुणी सोन्यावर गंधकाच्या टोकाने. प्रत्येक पद्धतीचे निष्ठावंत आहेत. सिलेनबद्दल मात्र आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. सिलेन ओलाव्याने एकमेकांशीच जुळतात, आणि काचेवर एकसारखा पातळ थर बसण्याऐवजी गुठळ्यांचा खडबडीत लेप बसतो. कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेली कृती मुंबई-कोकणात जुलैमध्ये जशीच्या तशी करायला जाऊ नये.

नव्वदच्या दशकातला खरा वाद दोन घराण्यांचा होता. एक स्टॅनफर्डचं. पॅट ब्राउन, मार्क शेना आणि डॅरी शॅलन यांनी 1995 मध्ये पॉलिलायसिन लावलेल्या काचपट्टीवर ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या 45 जनुकांचे ठिपके छापले आणि कोणती जनुकं चालू आहेत ते दोन रंगांत वाचलं. ठिपके छापणारं यंत्र कसं जुळवायचं याची सगळी माहिती या गटाने खुली करून टाकली. दुसरं घराणं स्टीफन फोडर यांचं. 1991 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की चिप बनवण्याच्या कारखान्यातली प्रकाशछपाईची युक्ती वापरून डीएनए काचेवरच, एकेक अक्षर करत वाढवता येतो. त्यातून ॲफिमेट्रिक्सच्या 25 अक्षरी प्रोबच्या चिप आल्या. ऑक्सफर्डला गेलेले सदर्नही काचेवर ओलिगो, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वाढवण्याच्याच मागे होते, वेगळ्या रसायनाने.

छपाईवाल्यांचा त्रास असा की ठिपका वाळताना डीएनए कडेला जमतो आणि मेदुवड्यासारखा मध्ये रिकामा राहतो. जागेवर वाढवणाऱ्यांचा त्रास गणिती आहे. प्रत्येक अक्षर जोडताना 95 टक्के यश मिळालं असं धरा. 25 अक्षरांनंतर पूर्ण लांबीचे प्रोब जेमतेम 28 टक्के उरतात, बाकीचे सगळे वाटेत तुटलेले. तरीही ही चिप चालली, कारण एकाच जनुकाला अनेक प्रोब देऊन चुका सांख्यिकीने झाकता येत होत्या. खुलेपणासाठी मी स्टॅनफर्डला जास्त मान देतो, शिस्तीसाठी दुसऱ्यांना. 2003 मध्ये सार्सचा विषाणू ओळखताना जोसेफ डेरिसी आणि डेव्हिड वांग यांच्या विषाणूंच्या छापील चिपवर कोरोना कुळाचे ठिपके चमकले. त्यांनी पुढे जाऊन त्या ठिपक्यावर जुळलेला डीएनए सुईने खरवडून काढला आणि त्याचा क्रम वाचला. पृष्ठभागावर धरलेली गोष्ट परतही काढता येते, हे त्या दिवशी पुष्कळांच्या लक्षात आलं असेल.

आता या पुस्तकाच्या मध्यभागी असलेल्या प्रश्नाकडे येतो. पृष्ठभागावर प्रोब किती दाट लावावेत? एका चौरस सेंटीमीटरला एक लाख कोटी प्रोब, म्हणजे 10 चा बारावा घात, ही संख्या अफाट वाटते. पण हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला 100 चौरस नॅनोमीटर येतात, म्हणजे दोन प्रोबमध्ये साधारण 10 नॅनोमीटर अंतर. दुहेरी डीएनएची जाडी 2 नॅनोमीटर. इथे जुळायला ऐसपैस जागा आहे. आता प्रोब दसपट करा. अंतर तीन नॅनोमीटरवर येतं. एका प्रोबला जोडीदार मिळाला की शेजाऱ्याला वळायला जागा नाही, आणि सगळ्यांचा ऋण भार मिळून नव्याने येणाऱ्या साखळीला बाहेरच ढकलतो. सोन्यावरच्या मोजमापांत हेच दिसलं: विरळ प्रोब जवळपास सगळे जुळतात, दाट प्रोबांपैकी थोडेच, आणि तेही रेंगाळत. प्रोबची संख्या वाढवून संकेत वाढवू पाहणाऱ्याचा संकेत एका मर्यादेनंतर कमी होतो.

सदर्न यांच्या गटाने 1997 मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मोजली. प्रोब आणि काच यांच्यामध्ये अक्षरं नसलेला मोकळा दुवा ठेवला तर काय होतं? दुवा वाढेल तशी जुळणी वाढत गेली. किमान 40 अणूंइतका लांब दुवा सर्वांत चांगला ठरला, आणि त्यामुळे जुळणीत 150 पटींपर्यंत फरक पडला. क्रम तोच, मीठ तेच, तापमान तेच. फक्त काचेपासूनचं अंतर बदललं. त्याच वर्षी टोनिया हर्न आणि मायकेल टार्लोव्ह यांनी सोन्यावर एक छोटी युक्ती केली. डीएनए लावल्यावर त्यांनी मर्कॅप्टोहेक्सॅनॉल हा लहान रेणू सोडला. तो सोन्यावरच्या रिकाम्या जागा घेतो आणि आडवे पडलेले, नुसतेच चिकटलेले प्रोब हुसकावून त्यांना फक्त गंधकाच्या टोकावर उभं राहायला लावतो. डेनहार्टच्या द्रावणाचंच हे काम, तीस वर्षांनी, जास्त समजून केलेलं.

सगळेच लोक आधी चिकटवतात असं नाही. निगार्ड आणि हॉल यांची जुनी वाट, आधी द्रावणात जुळवा आणि मग जोडी पकडा, अजून जिवंत आहे, आणि तिचं एक मोठं उदाहरण मराठवाड्यातलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला; टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. 2009 मध्ये निकाल आले. एचपीव्ही या विषाणूची एकदा चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. ती चाचणी ‘हायब्रिड कॅप्चर’ होती. विषाणूचा डीएनए आरएनए प्रोबशी द्रावणात जुळतो, आणि आरएनए-डीएनए जोडीच ओळखणारी प्रतिपिंडं ताटलीच्या भिंतीवर बसून त्या जोडीला पकडतात. द्रावणात जुळणी वेगाने होते. पृष्ठभागाने फक्त निवडून धरायचं. जीनोमचे निवडक भाग वाचणाऱ्यांनीही 2009 च्या सुमारास असंच वळण घेतलं: चिपवर पकडणं मागे पडून द्रावणात बायोटिन लावलेले आरएनए गळ टाकणं आणि मग ते चुंबकी मण्यांवर गोळा करणं रूढ झालं.

मायक्रोॲरे (म्हणजे वर आलेल्या काचेवरच्या चिप) संपले, आता सगळं सिक्वेन्सिंगने होतं, असं विद्यार्थी मला सांगतात. पण ज्या यंत्रांनी सिक्वेन्सिंग होतं त्यांतल्या सर्वाधिक खपणाऱ्या यंत्रांच्या पोटात काय आहे? केंब्रिजचे शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या कामातून निघालेल्या पद्धतीत काचेच्या पेटीच्या तळावर छोटे प्रोब दाट बांधलेले असतात. नमुन्याचा प्रत्येक तुकडा आधी त्यांच्याशी जुळतो आणि मग तिथेच वाढतो. दाटी किती ठेवायची हा प्रश्न तिथे रोज येतो. स्टॉकहोमच्या गटाने 2016 मध्ये ऊतीचा पातळ काप थेट काचेवर ठेवून कोणत्या जागी कोणतं जनुक चालू आहे ते वाचलं. काचेवर प्रत्येक ठिपक्याचा पत्ता सांगणारे, थायमिनची शेपटी असलेले प्रोब बसवलेले होते. थायमिनची शेपटी पुन्हा आली, यावेळी आरएनए पकडायला. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटलाही लोक ‘चिप’ म्हणतात, पण ती छोटी पीसीआर आहे, प्रोबांचा पट नव्हे. हा गोंधळ या पुस्तकाच्या वाचकाने मनातून आधीच काढलेला बरा.

लेखकांनी हे पुस्तक पदव्युत्तर विद्यार्थी, रुग्णालयातले तंत्रज्ञ आणि पट्ट्या-किट बनवू पाहणारे छोटे उद्योजक यांच्यासाठी लिहिलं आहे. कृतींचा संग्रह म्हणून ते उघडणाऱ्याला कृती मिळतील, पण पुस्तकाचा हट्ट वेगळा आहे. जुळणी झाली नाही की क्रमाला दोष द्यायच्या आधी पृष्ठभाग तपासा: किती प्रोब बसले, त्यांतले किती खरोखर टोकाने धरलेले आहेत, धुतल्यावर किती राहिले. हे तीन आकडे न मोजता छापलेला कुठलाही निकाल लेखक गृहीत धरत नाहीत, आणि नामवंत नियतकालिकांतल्या काही निकालांबद्दलही त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. हा भाग वाचताना मला समाधान वाटलं. विद्युतरासायनिक संवेदकांना त्यांनी एवढी पानं द्यावीत हे मात्र मला पटलेलं नाही. शुद्ध बफरमध्ये सुरेख चालणारे हे संवेदक रक्ताच्या थेंबात, जिथे प्रथिनं सोन्यावर आधी जाऊन बसतात, बहुधा गडबडतात. लेखकांचं म्हणणं असं की ही अडचणही अखेर पृष्ठभागाचीच आहे, म्हणून ती इथेच यायला हवी. वाद मिटला नाही, पानं राहिली.

जे पुस्तकात नाही त्याचाही उल्लेख करतो. पेशींच्या आत केलेलं हायब्रिडायझेशन, म्हणजे जुळणी, वगळलं आहे, आणि मायक्रोॲरेच्या आकड्यांची सांख्यिकीही. दोन्ही विषय स्वतंत्र पुस्तकांचे आहेत. सुरुवातीचे प्रयोग नायलॉन मेंब्रेन, अतिनील दिवा आणि हलवणारं ऊन पाण्याचं भांडं एवढ्यावर होतात, त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातही ते करून पाहता येतील. सिलेन आणि सोन्याचे प्रयोग मोठ्या प्रयोगशाळेशिवाय करू नयेत. बहुतेक सगळ्या कृतींत लागणारं 20 पट एसएससी, म्हणजे 3 मोलर मीठ आणि 0.3 मोलर सोडियम सायट्रेट, एकदाच जास्त करून ठेवावं. त्याचे सौम्य प्रकार आणि प्रत्येकाने कोणत्या तापमानाला धुवायचं याचा तक्ता मागच्या आतल्या पानावर दिला आहे.